जॉन होप फ्रँकलिन

जॉन होप फ्रँकलिन (२ जानेवारी १९१५ – २५ मार्च २००९) हे अमेरिकेतले कृष्णवर्णीय इतिहासकार, प्रोफेसर, आणि आधी ब्रुकलिन कॉलेज नि नंतर शिकागो युनिव्हर्सिटी अशा दोन ठिकाणच्या हिस्ट्री डिपार्टमेंटचे हेड. त्यांच्याबद्दल कुठेही वाचायला घेतलं की पहिले कृष्णवर्णीय अमुक, पहिले कृष्णवर्णीय तमुक अशी लांबलचक यादी समोर येते. ती खरी आहे पण त्यातून माणूस कळत नाही, माणूस कळायला त्यांच्या घरात जावं लागतं.

ओक्लाहोमातलं रेंटीसव्हिल हे त्यांचं गाव, सगळी वस्ती काळ्या लोकांची आणि ती पण दोनशेच्या आतच. वडील बक कोल्बर्ट फ्रँकलिन वकील होते. लुइझियानातल्या एका जजने, माझ्या कोर्टात काळा माणूस कुणाची वकिली करणार नाही असं म्हणून त्यांना बाहेर काढलं होतं, मग ठरवलं की आपल्याच माणसांत राहायचं. त्या एवढ्याशा गावात ते वकील, पोस्टमास्तर आणि न्यायाधीश असं सगळं एकटेच होते, तरी संसार चालेना. आई मॉली पार्कर शाळेत शिकवायची आणि धाकट्याला घरी कोणाकडे ठेवणार म्हणून वर्गातच मागच्या बाकावर बसवायची, तिथे बसल्या बसल्या पोरगं पाचव्या वर्षापर्यंत लिहा-वाचायला शिकलं. चार भावंडं, मोझेला, अ‍ॅन, बक ज्युनिअर आणि हे शेंडेफळ. जॉन होप हे नाव मिळालं ते त्याच नावाच्या अटलांटातल्या एका कृष्णवर्णीय कॉलेज प्रेसिडेंटवरून, आईवडिलांना ते शिकवायला होते. म्हणजे पाळण्यातच प्रोफेसरचं नाव.

वडिलांची एक सवय फार महत्त्वाची. रोज संध्याकाळी ते वाचत बसायचे नाहीतर लिहीत बसायचे. फ्रँकलिन म्हणायचे की लहानपणी मला वाटायचं सगळीच माणसं संध्याकाळी हेच करतात, वाचतात नाहीतर लिहितात.

सहासात वर्षांचे असताना आई आणि बहिणीबरोबर ते रेल्वेने शेजारच्या गावी निघाले होते. गाडी थांबली तेव्हा जो डबा समोर आला त्यात ते चढले, तो निघाला गोऱ्यांचा. कंडक्टर म्हणाला दुसऱ्या डब्यात जा, आई म्हणाली चालत्या गाडीत मी पोरांना घेऊन डबे बदलणार नाही, तर त्याने गाडी थांबवून तिघांना रानात उतरवलं. चालत घरी येताना पोरगं रडायला लागलं तेव्हा आईने समजावलं की यावर रडण्यात ताकद घालवू नकोस, तू कुणाहून कमी नाहीस हे दाखवण्यात घालव.

१९२१ मध्ये वडील चांगली प्रॅक्टिस मिळेल म्हणून टल्सा शहरात गेले, बाकीच्यांनी मागून जायचं ठरलं होतं. ३१ मे आणि १ जूनला गोऱ्या जमावाने ग्रीनवुड ही काळ्यांची अख्खी वस्ती जाळली. वडील वाचले पण होतं ते सगळं गेलं, रेंटीसव्हिलला कित्येक दिवस ते जिवंत आहेत का हेही माहीत नव्हतं. मग त्यांनी तंबू ठोकून त्यातच ऑफिस थाटलं. शहराने नियम काढला की आता घरं बांधायची तर आग न लागणाऱ्या सामानानेच बांधा, म्हणजे राख झालेल्या लोकांनी तो खर्च कुठून करायचा, तर वडिलांनी तंबूतून केस लढवून तो नियम रद्द करून घेतला. या सगळ्यात कुटुंबाला टल्साला जायला १९२५ चा डिसेंबर उजाडला.

नॅशव्हिलच्या फिस्क युनिव्हर्सिटीत गेले ते वडिलांसारखं वकील व्हायला. तिथे थिओडोर करियर नावाच्या गोऱ्या तरुण प्रोफेसरने इतिहासाची गोडी लावली, आणि पुढे हार्वर्डला प्रवेश मिळाला पण पैसे नव्हते तेव्हा याच माणसाने बँकेतून स्वतः ५०० डॉलर कर्ज काढून हातात ठेवले. १९३५ मध्ये फिस्क झालं, १९४१ मध्ये हार्वर्डची पीएचडी.

पीएचडीच्या कामासाठी १९३९ मध्ये ते नॉर्थ कॅरोलिनाच्या सरकारी दफ्तरखान्यात गेले तो किस्सा नीट सांगण्यासारखा आहे. डायरेक्टर म्हणाले, इमारत बांधताना काळा माणूस इथे संशोधनाला येईल असं कुणाच्या डोक्यातच नव्हतं, एक आठवडा द्या. हे गप्प उभे राहिले. मग डायरेक्टर म्हणाले, बरं अर्धा आठवडा. गुरुवारी गेले तर एक वेगळी खोली रिकामी करून ठेवलेली, आणि वर हातात किल्ली, कारण कागद आणून देणारी पोरं गोरी, त्यांनी काळ्या माणसाची सेवा करायची नाही, तेव्हा तुम्हीच आत जा आणि हवं ते घ्या. दोन आठवडे मजेत गेले. मग गोऱ्या संशोधकांची तक्रार आली की हा अन्याय आहे, आम्हाला पण किल्ल्या द्या! शेवटी यांची किल्ली काढून घेतली आणि पोरांना सांगितलं की कागद आणून द्या.

फिस्कमध्येच भेटलेल्या ऑरेलिया व्हिटिंग्टनशी ११ जून १९४० ला लग्न झालं, तिच्या माहेरी गोल्ड्सबरोला. ऑरेलिया लायब्ररियन होत्या, आणि नवऱ्याचं पुस्तक लांबत चाललं नि पैसे संपत आले तेव्हा घर त्यांच्या पगारावर चाललं. ते पुस्तक म्हणजे १९४७ चं 'फ्रॉम स्लेव्हरी टू फ्रीडम', आफ्रिकेपासून सुरू होणारा कृष्णवर्णीय अमेरिकनांचा इतिहास, ज्याच्या पुढे तीस लाखांहून जास्त प्रती खपल्या. त्यामुळे त्या तीस लाखांत लायब्ररीतल्या पगाराचा वाटा धरायला हवा असं आपलं मत. मुलगा एकच, जॉन व्हिटिंग्टन, १९५२ चा.

त्याच १९४७ मध्ये थोरला भाऊ गेला. बक ज्युनिअर शिकलेला, शाळेचा प्रिन्सिपॉल, पण महायुद्धात सैन्यात घेतल्यावर त्याला स्वयंपाकघरात लावलं आणि पदोपदी अपमान केला, त्यातून तो सावरलाच नाही. फ्रँकलिन यांनी याबद्दल सैन्याला कधी माफ केलं नाही. स्वतः ते नेव्हीत क्लार्कची नोकरी मागायला गेले होते, टायपिंग येतं, शॉर्टहँड येतं, वर हार्वर्डची पीएचडी, तर भरती अधिकारी म्हणाला सगळं आहे, फक्त रंग नाही.

हॉवर्ड युनिव्हर्सिटीत शिकवत असताना १९५३ मध्ये वकील थर्गुड मार्शल यांच्या टीमला शाळांतल्या वर्णभेदाच्या केससाठी इतिहासाचा मालमसाला पुरवायचं काम त्यांनी केलं, १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल बाजूने लागला. १९५६ मध्ये ब्रुकलिन कॉलेजने त्यांना थेट डिपार्टमेंट हेड केलं, हाताखाली ५२ जण आणि सगळे गोरे, बातमी फोटोसकट न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर. पण कॉलेजजवळ घर घ्यायला गेले तर एजंट घर दाखवेनात, घर मालकाकडून थेट मिळालं तर बँका लोन देईनात. आपल्या वकिलाच्या वडिलांच्या ओळखीने एका बँकेत कसंबसं काम झालं. या वणवणीत जेवढा वेळ गेला तेवढ्यात एखादं छोटं पुस्तक लिहून झालं असतं असं ते म्हणायचे.

१९६४ मध्ये शिकागो, १९६७ ते १९७० तिथे हेड, १९८२ पासून ड्यूक युनिव्हर्सिटी. अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनसकट इतिहासकारांच्या तीन मोठ्या संघटनांचे अध्यक्ष झाले. ऑर्किडचं भयंकर वेड, काचघरात शेकडो झाडं, एका ऑर्किडला त्यांचंच नाव आहे.

१९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या हस्ते प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हा अमेरिकेतला सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला, त्याच्या आदल्या संध्याकाळी वॉशिंग्टनच्या कॉसमॉस क्लबमध्ये त्यांनी मित्रांना जेवायला बोलावलं होतं. या क्लबचे ते १९६२ पासूनचे मेंबर, तोवर तिथे एकही काळा मेंबर नव्हता. तर एका गोऱ्या बाईंनी त्यांच्या हातात कोट ठेवल्याचं टोकन दिलं आणि माझा कोट आणा म्हणाल्या. हे ८० वर्षांचे. शांतपणे म्हणाले, युनिफॉर्ममधल्या माणसाला द्या, इथले सगळे नोकर युनिफॉर्ममध्येच असतात. दोन वर्षांनी क्लिंटननीच त्यांना वंशभेदावरच्या राष्ट्रीय सल्लागार मंडळाचं अध्यक्ष केलं.

ऑरेलिया १९९९ मध्ये गेल्या, ते २००९ मध्ये. दोघांच्या आठवणीची सभा एकत्रच झाली, त्यांच्या लग्नाच्या तारखेला, ११ जूनला.

२०१५ मध्ये वडिलांनी १९३१ साली टाइप केलेली दहा पानं सापडली, टल्साच्या जाळपोळीत डोळ्यांनी काय पाहिलं ते, वर घिरट्या घालणारी विमानं आणि छतावरून पेटत गेलेल्या इमारती. ती पानं आता वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय म्युझियममध्ये आहेत, आणि पानं तिथे आली तेव्हा बक यांचा नातू, म्हणजे फ्रँकलिन यांचा मुलगा जॉन व्हिटिंग्टन, त्याच म्युझियममध्ये नोकरीला होता.