‘कालबाह्य’ ठरवला गेलेला एफएफएमपेग: २०११च्या फुटीची पार्श्वभूमी

टर्मिनलवरून, म्हणजे आज्ञा टाइप करून, व्हिडिओ कापणाऱ्याला किंवा ऑडिओचा फॉरमॅट बदलणाऱ्याला आज एफएफएमपेग या ओपन सोर्स प्रोग्रामशिवाय दुसरं नाव सहसा सुचत नाही. तरी जुन्या स्क्रिप्ट उघडल्या की मधूनच एव्हीकॉन्व्ह नावाची कमांड भेटते. २०११ ते २०१५ या काळात डेबियन किंवा उबंटू या लिनक्स प्रणाली वापरलेल्यांना ती चांगलीच आठवत असेल.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात असा. आवाजापुरतं सॉक्स हे साधन १९९१पासून होतं. एफएफएमपेग २००० साली एका फ्रेंच प्रोग्रामरने सुरू केला, आणि पुढे त्याची बरीचशी माणसं एमप्लेअर या प्लेअरच्या गोतावळ्यातून आली. २००९च्या ०.५ आवृत्तीआधी कित्येक वर्षं रीतसर आवृत्तीच निघाली नव्हती; रिपॉझिटरीतला, म्हणजे प्रकल्पाच्या कोडसाठ्यातला, ताजा कोड घ्या आणि स्वतः कंपाइल करा, असाच कारभार होता. लिनक्स प्रणालींसाठी त्याचं तयार पॅकेज सांभाळणाऱ्यांना तो नकोसा व्हावा यात नवल नाही. कोड तपासल्याशिवाय आत घ्यायचा की नाही आणि शेवटचा शब्द कुणाचा, हे वादही त्याच काळात साचत गेले.

जानेवारी २०११मध्ये डेव्हलपरांच्या एका गटाने प्रकल्पाची सूत्रं आपण घेतल्याचं जाहीर केलं. आधीच्या प्रमुखाने ते मान्य केलं नाही. नावावरचा हक्क मूळ लेखकाकडे होता आणि त्याचा कौल नव्या गटाच्या बाजूने नव्हता. मग मार्चमध्ये हा गट लिबएव्ही या नावाने वेगळा झाला. इथवरचं भांडण ओपन सोर्समध्ये नेहमीचंच.

पुढे जे झालं ते मात्र नेहमीचं नव्हतं. डेबियनमध्ये हे पॅकेज सांभाळणारे लिबएव्हीच्या बाजूचे होते, त्यामुळे डेबियनमध्ये आणि तिथून उबंटूत लिबएव्ही आलं. एफएफएमपेग नावाची कमांड काही काळ तशीच ठेवली गेली, पण ती चालवणारा कोड लिबएव्हीचा होता. ती चालवली की संदेश यायचा: हा प्रोग्राम कालबाह्य आहे, केवळ जुन्या स्क्रिप्टांसाठी ठेवला आहे, एव्हीकॉन्व्ह वापरा. एव्हीकॉन्व्ह ही लिबएव्हीची स्वतःची कमांड. काटेकोरपणे पाहिलं तर यात खोटं काही नव्हतं, कारण लिबएव्हीकडची त्या प्रोग्रामची प्रत खरोखरच बंद होणार होती. पण टर्मिनलसमोरच्या माणसाला दोन प्रकल्प आहेत हेच ठाऊक नव्हतं. त्याने सरळ अर्थ काढला, की एफएफएमपेग संपला. तोच अर्थ मदतीच्या उत्तरांतून फिरत राहिला. एफएफएमपेगवर त्या वेळी जोरात काम चालू होतं. संदेशात ‘आमची प्रत’ एवढे दोन शब्द असते, तर निम्मा गोंधळ झालाच नसता. ते का घातले गेले नाहीत, याचं पटणारं उत्तर मला कुठे दिसलं नाही.

लिबएव्हीच्या बाजूनेही बोलायला हवं. त्यांची तपासणीची शिस्त कडक होती. व्हिडिओसाठी ‘-सी:व्ही’, ऑडिओसाठी ‘-सी:ए’ ही कमांडमध्ये पर्याय लिहायची, आज सगळ्यांच्या बोटांत बसलेली पद्धत त्यांच्याच कामातून आली. पण एफएफएमपेग लिबएव्हीतले बदल नेमाने आपल्यात ओढून घेत होता आणि उलट दिशेने फारसं काही जात नव्हतं. त्यामुळे थोड्याच काळात एफएफएमपेगमध्ये लिबएव्हीतलं जवळजवळ सगळं होतं, शिवाय जास्तीचे फिल्टर आणि डीकोडर होते.

उबंटू १४.०४मध्ये तर एफएफएमपेगचं अधिकृत पॅकेजच नव्हतं. लोक बाहेरच्या पॅकेज-रिपॉझिटरी जोडत होते. डेबियनमध्ये दोन्ही शेजारी का ठेवू नयेत, यावर लांबलचक चर्चा झाली. अडचण खरी होती: दोघांच्या लायब्ररींची (इतर प्रोग्राम वापरतात त्या कोडसंचांची) नावं तीच, आणि तोच कोड दोनदा सांभाळायला सुरक्षेचं काम पाहणारे तयार नव्हते. पण त्याच निकषावर लिबएव्ही मागे पडत होतं. बिघडवलेल्या फायली मुद्दाम खाऊ घालून केलेल्या मोठ्या चाचणीतून एफएफएमपेगमध्ये हजाराहून अधिक दुरुस्त्या झाल्याचं जानेवारी २०१४मध्ये प्रसिद्ध झालं होतं. लिबएव्हीत झालेल्या दुरुस्त्या त्याहून कमी होत्या.

उबंटू १५.०४मध्ये एफएफएमपेग परतला. जुलै २०१५मध्ये डेबियनने लिबएव्ही सोडून एफएफएमपेगकडे जायचं ठरवलं. त्याच उन्हाळ्यात एफएफएमपेगचा प्रमुख पायउतार झाला. दोन्ही बाजूंनी पुन्हा एकत्र यावं, ही त्यामागची उघड अपेक्षा होती. औपचारिक विलीनीकरण कधी झालं नाही. लिबएव्ही २०१८नंतर थंडावलं आणि त्यातले काही जण परतले.

फेब्रुवारी २०१६च्या ३.० आवृत्तीत एफएफएमपेगचा स्वतःचा एएसी (एक ऑडिओ फॉरमॅट) एन्कोडर ‘प्रायोगिक’ या शिक्क्यातून सुटला. त्याआधीच्या स्क्रिप्टांत प्रायोगिक भाग वापरू देणारा ‘-स्ट्रिक्ट’ हा पर्याय दिसतो तो त्यामुळे. एप्रिल २०२४च्या ७.० आवृत्तीत खुद्द कमांड लाइन प्रोग्रामचे डीकोडिंग, फिल्टर, एन्कोडिंग हे टप्पे वेगवेगळ्या थ्रेडवर समांतर चालू लागले. हे किचकट काम ज्याने तडीस नेलं, तो डेव्हलपर फुटीच्या काळात लिबएव्हीत होता.