व्यक्तिगत ट्यूटोरियल

विद्यापीठात एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याला, क्वचित दोघा-तिघांना, समोर बसवून शिकवण्याची पद्धत. ऑक्सफर्डमध्ये पदवी शिक्षणाचा डोलारा तिच्यावर उभा आहे. केंब्रिजमध्ये तिला ‘सुपरव्हिजन’ म्हणतात. विद्यार्थी नेमलेले वाचून निबंध लिहून आणतो, विज्ञान-गणिताचा असेल तर उदाहरणे सोडवून आणतो, आणि साधारण तासभर त्यावर प्रश्नोत्तरे चालतात. मागच्या बाकावर बसून वेळ काढण्याची सोय इथे नाही.

नागपुरात पदवीच्या वर्गांना ही पद्धत या रूपात मिळत नाही. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाची घडण संलग्न महाविद्यालये आणि विद्यापीठाची परीक्षा अशी आहे. अभियांत्रिकीच्या वेळापत्रकात ‘ट्यूटोरियल’ असते, पण तो अख्ख्या बॅचने उदाहरणे सोडवण्याचा तास. खरी एकास-एक बैठक सुरू होते ती एम.ए., एम.एस्सी.च्या प्रकल्पाला किंवा पीएच.डी.ला, गाईडच्या केबिनमध्ये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक असू शकतात, त्यामुळे निदान कागदावर तरी प्रत्येकाच्या वाट्याला वेळ येतो.

विद्यार्थ्याला या बैठकीत रुळायला अवघड जाते ते व्हायव्हामुळे, म्हणजे तोंडी परीक्षेच्या सवयीमुळे. तोवरच्या शिक्षणात विद्यार्थी शिक्षकासमोर एकटा बसलेला असतो तो बहुधा तोंडी परीक्षेतच: समोर एक्स्टर्नल (बाहेरचा परीक्षक), हातात जर्नल (प्रयोगवही), आणि प्रत्येक प्रश्नाला गुण. साहजिकच गाईडने “हे तुम्ही कशावरून म्हणता?” असे विचारले की उत्तर चुकले असे समजून तो विधानच मागे घेतो. “हो सर, बदलतो.” प्रत्यक्षात विधान बरोबर असते, हवा असतो फक्त आधार. लाल शाईने भरलेला मसुदा परत आला की पुढची भेट टाळली जाते आणि सिनॉप्सिस (प्रबंधाची रूपरेषा) लांबते. ही टाळाटाळ आळसाच्या खाती टाकली जाते, ते बरेचदा अन्यायाचे असते. शिकवणी वर्गांत तयार नोट्सवर वाढलेल्यांना आणखी एक अडचण येते. “सर, किती पानं लिहू?” याचे उत्तर मिळते, पण “काय लिहू?” याचे मिळत नाही.

भाषेचा पेच वेगळा. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतून आलेल्यांपैकी अनेकांचे बोलणे मराठी-हिंदीत आणि प्रबंध मात्र इंग्रजीत असतो. केबिनमध्ये मुद्दा मराठीत नीट मांडणारा विद्यार्थी कागदावर पुस्तकी वाक्ये उतरवतो. अशा वेळी आधी मराठीत बोलू देऊन तेच तिथल्या तिथे टिपून घ्यायला लावणे उपयोगी पडते.

अमेरिकन शिक्षण-मानसशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये मांडले की व्यक्तिगत शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या सुमारे ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे जातो. हा आकडा सर्रास सांगितला जातो. मात्र तो शालेय मुलांवरच्या प्रयोगांतला आहे, आणि पुढच्या अभ्यासांत परिणाम बराच कमी आढळला.

पद्धतीतला धोका एकाच माणसावर विसंबण्याचा. गाईडशी पटले नाही तर दाद मागायला दुसरे दार जवळ नसते. सहमार्गदर्शक असल्यास ताण काहीसा हलका होतो. रुळल्याची खूण साधी आहे: विद्यार्थी दुरुस्त्यांची यादी मागायचे थांबवतो आणि कुठे अडलो ते स्वतः लिहून आणतो.