प्रत की उत्तर? सरकारी खात्यांतल्या माहितीच्या देवाणघेवाणीची पार्श्वभूमी

जुलै २०२५ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेतल्या सुमारे २६.३४ लाख लाभार्थ्यांचा हप्ता थांबवल्याचं महिला व बालविकास मंत्र्यांनी जाहीर केलं. इतर खात्यांकडून मागवलेल्या माहितीशी पात्रता ताडून हा आकडा निघाला होता. एका खात्याला दिलेली माहिती दुसऱ्या खात्याने कधी आणि किती पाहायची, हा प्रश्न मात्र आधारपेक्षाही जुना.

१९४८चा जनगणना कायदा याबाबत कडक आहे. कलम १५ प्रमाणे प्रगणकाची नोंद कुणाला पाहता येत नाही आणि त्या कायद्याखालचे गुन्हे सोडले तर ती पुराव्यातही चालत नाही. १९६१च्या आयकर कायद्याच्या कलम १३८ने मधला मार्ग काढला: इतर खात्यांपैकी राजपत्रात अधिसूचित केलेल्या अधिकाऱ्याला, ठरावीक कामापुरती माहिती. बाकी खात्यांत कायद्याची गरजच भासली नाही, कारण खरं संरक्षण कागदाचं होतं. तलाठ्याचं दप्तर आणि पुरवठा शाखेचं शिधापत्रिका रजिस्टर जुळवायचं म्हणजे कारकुनाचे आठवडेच्या आठवडे जात.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिले आधार क्रमांक दिले गेले आणि ही आडकाठी गेली, कारण एकाच क्रमांकावरून दोन याद्या जुळवता येऊ लागल्या. कायदा यायला २०१६ उजाडलं. मधल्या काळात राज्यांनी नोंदणीच्या माहितीची स्वतःची कोठारं उभारली आणि योजनांच्या याद्यांत आधार क्रमांक भरले. यादी एक्सेलमध्ये निघाली की तिच्या प्रती किती झाल्या हे कुणीच सांगू शकत नाही. २०१७ मध्ये आधार क्रमांक देणाऱ्या प्राधिकरणानेच (यूआयडीएआय) कबूल केलं की सुमारे २१० सरकारी संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची नावं, पत्ते आणि आधार क्रमांक उघडे दिसत होते.

पहिली मोठी ठिणगी गोव्यात पडली. वास्कोतल्या २०१३च्या एका गुन्ह्याच्या तपासात सीबीआयने गोव्यातल्या सर्व आधारधारकांचे ठसे मागितले आणि न्यायालयाने ते द्यायला सांगितलं. प्राधिकरणाने संमतीचा मुद्दा मांडलाच, पण त्याहून नेमका मुद्दा आकड्याचा होता. चुकीची जुळणी होण्याचं प्रमाण ०.०५७ टक्के, ६० कोटी नोंदींवर हे गणित केलं तर तीन लाखांहून अधिक निरपराध माणसं संशयित ठरतात. मुंबई उच्च न्यायालयात प्राधिकरणाला हवा तो दिलासा मिळाला नाही. २४ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला: लेखी संमतीशिवाय कुणाचीही बायोमेट्रिक माहिती दुसऱ्या यंत्रणेला द्यायची नाही. २०१६च्या कायद्यातलं कलम २९ याच वाटेने गेलं.

जुलै २०१७ पासून आधार क्रमांक साठवणाऱ्यांना ‘आधार डेटा व्हॉल्ट’ सक्तीचा झाला. खरा क्रमांक तिजोरीत, इतर सगळीकडे फक्त संदर्भ-किल्ली, म्हणजे त्याच्या जागी वापरायचा वेगळाच क्रमांक. ‘आम्ही क्रमांक हॅश करून पाठवतो’, म्हणजे उलट फिरवता न येणाऱ्या सूत्राने बदलून पाठवतो, हे उत्तर अजूनही ऐकू येतं, ते फसवं आहे. बारा अंकांतला पहिला ० किंवा १ नसतो आणि शेवटचा पडताळणीचा, आधीच्या अंकांवरूनच ठरणारा, म्हणजे शक्यता उरतात ८ हजार कोटी. साधा हॅश असेल तर या सगळ्यांचे हॅश काढून खरा क्रमांक शोधणं चांगल्या ग्राफिक्स कार्डला फार तर काही मिनिटांचं काम.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गोपनीयता मूलभूत हक्क ठरली, त्याच न्यायालयाच्या २०१८च्या आधार निकालाने पडताळणीच्या नोंदी सहा महिन्यांपलीकडे ठेवायला मनाई केली. २०२३चा डेटा संरक्षण कायदा मात्र सरकारला सैल सोडतो: अनुदान किंवा लाभ देण्यासाठी, अधिसूचित सरकारी नोंदवहीत आधीच असलेली माहिती नव्याने संमती न घेता वापरायची मुभा त्यात आहे. गरजेपुरतीच माहिती, अचूकता, ठेवण्याची मुदत या अटी नोव्हेंबर २०२५च्या नियमांत आल्या.

अचूकतेपाशीच घोडं अडतं. एका यादीत माहेरचं नाव, दुसरीत सासरचं. कुठे ‘बाई’ जोडलेलं, कुठे नाही. जन्मतारीख माहीत नाही म्हणून १ जानेवारी. क्रमांकाचा शेवटचा अंक टंकलेखनाची चूक पकडतो, पण दुसऱ्याचाच खरा क्रमांक भरला असेल तर तोही गप्प बसतो. म्हणून न जुळलेली नोंद थेट ‘अपात्र’मध्ये न टाकता वेगळी काढून प्रत्यक्ष तपासावी लागते.

यादीची प्रत देण्यापेक्षा ‘उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे का?’ या प्रश्नाला नुसतं हो किंवा नाही असं उत्तर देणं केव्हाही बरं. पण त्यातही भोक आहे. मर्यादा विचारणाऱ्याने ठरवायची असेल, तर दर वेळी ती उरलेल्या शक्यतांच्या मध्यावर ठेवत बारा प्रश्नांत दहा लाखांपर्यंतचं उत्पन्न अडीचशे रुपयांच्या फरकाने कळतं. त्यामुळे मर्यादा उत्तर देणाऱ्या खात्याच्या सर्व्हरवर, योजनेगणिक पक्की बांधलेली हवी आणि एका व्यक्तीबद्दल महिन्यात किती वेळा विचारलं याची मोजणीही तिथेच व्हायला हवी.