'सोलेनॉइड गेला': पी०७५१ या कोडमागची पार्श्वभूमी

ऑटोमॅटिक गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उठते, स्कॅनरवर पी०७५१ हा बिघाडाचा कोड झळकतो आणि गॅरेजमध्ये निकाल लागतो: शिफ्ट सोलेनॉइड ए, म्हणजे गिअर बदलणाऱ्या तेलाची वाट विजेने उघड-बंद करणारा एक व्हॉल्व, गेला. तेलाचा पॅन उतरतो, नवा सोलेनॉइड बसतो, नवे तेल पडते. पुष्कळदा थोड्याच दिवसांत तोच कोड परत येतो. दोष मेकॅनिकच्या घाईचा असतोच, पण त्याहून जास्त तो त्या कोडच्या नावाचा आहे.

१९४०च्या मॉडेलपासून अमेरिकेत पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मोठ्या संख्येने विकला जाऊ लागला, तेव्हा गिअर कधी बदलायचा हे तेलच ठरवायचे. शिफ्ट व्हॉल्वच्या एका टोकाला गव्हर्नरचा, म्हणजे गाडीच्या वेगासोबत वाढणारा दाब, दुसऱ्याला थ्रॉटलचा, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाबण्यासोबत वाढणारा. ज्याचा जोर जास्त, त्याप्रमाणे व्हॉल्व सरके. तपासणीला प्रेशर गेज पुरत असे. पुढे हे काम कॉम्प्युटर आणि सोलेनॉइड यांच्याकडे गेले. ऐंशीच्या दशकात हा बदल रुळला आणि १९९३मध्ये अमेरिकी पिकअपमध्ये ४एल६०-ई आला. पी०७५१ समजायला याच्याइतका सोपा गिअरबॉक्स नाही, कारण चार गिअरचा सगळा हिशेब दोनच सोलेनॉइडवर चालतो.

पहिल्यात ए आणि बी दोन्ही चालू. दुसऱ्यात ए बंद, बी चालू. तिसऱ्यात दोन्ही बंद. चौथ्यात ए चालू, बी बंद. वीजच गेली तर गाडी तिसऱ्यात अडकते ती म्हणूनच. ए बंद अवस्थेत अडकला तर एक-दोन-तीन-चारऐवजी दोन-दोन-तीन-तीन मिळतात, चालू अवस्थेत अडकला तर एक-एक-चार-चार. बी बंद अडकला तर चार-तीन-तीन-चार, चालू अडकला तर एक-दोन-दोन-एक. हा क्रम रस्त्यावर नीट टिपला तर अर्धे निदान पॅन न उघडताच होते.

१९९६पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःच बिघाड ओळखून कोड नोंदवण्याची पद्धत, सक्तीचे झाले आणि कोडांना सर्वांसाठी समान क्रमांक मिळाले. खरा वाद इथला आहे. पी०७५३ म्हणजे सोलेनॉइड एच्या सर्किटमधला विद्युत दोष. तो कॉम्प्युटर थेट तपासतो. पी०७५१चा अर्थ मात्र 'परफॉर्मन्स किंवा बंद अवस्थेत अडकलेला' असा ठेवला गेला. एकाच क्रमांकात लक्षण आणि कारण दोन्ही कोंबले गेले. इथे कॉम्प्युटर सोलेनॉइडकडे पाहतच नाही. पहिला गिअर मागितला, म्हणजे रेशो (गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या फेऱ्यांचे प्रमाण) ३.०६ हवा, मिळाला दुसऱ्याचा १.६३. एवढ्यावरून तो ए अडकल्याचा अंदाज बांधतो. या अंदाजाची बाजू घेणारे म्हणतात की दोन-दोन-तीन-तीन हा क्रम नुसत्या क्लच घसरण्याने येत नाही, आणि ते बरोबर आहे. पण त्यातून दोष एच्या तेलमार्गात आहे एवढेच ठरते. त्या मार्गावर सोलेनॉइड असतो, त्याची ओ-रिंग असते, धातूच्या कणांनी अडकलेला शिफ्ट व्हॉल्व असतो, तो सरकतो ते झिजलेले बोअर असते, या सगळ्या व्हॉल्वना सामावणाऱ्या व्हॉल्व बॉडीची फाटकी गॅस्केट असते. चुकीच्या गिअर रेशोसाठी पी०७३०ची वेगळी मालिका असताना या कोडच्या नावात सुट्या भागाचे नाव घालणे ही चूकच होती, आणि तिची किंमत ग्राहकांनी मोजली. भरीला 'ए' हे अक्षर: प्रत्येक कंपनीचा ए निराळे काम करतो. एका गिअरबॉक्सचा तक्ता दुसऱ्याला लावता येत नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड आला त्या क्षणाची स्कॅनरवरची नोंद, लिहून घ्यायची. मग तेलाची पातळी, रंग, वास. त्यानंतर गिअरबॉक्सच्या केसवरचा कनेक्टर काढून मीटर लावायचा. ४एल६०-ईत पिन ई हा दोन्ही शिफ्ट सोलेनॉइडचा सामाईक पुरवठा. ई-ए आणि ई-बी यांमध्ये २०° सेल्सिअसला साधारण २० ते ३० ओहम यायला हवेत. तांब्याचा रोध तापमानासोबत वाढतो: थंड असताना २५ ओहम दाखवणारी कॉइल १०० अंशांना ३३च्या आसपास जाते. गरम गिअरबॉक्सवर ३३ वाचून चांगला सोलेनॉइड फेकला जातो तो इथेच. उलट, थंडीत ठीक आणि तापल्यावर मीटर 'ओपन' दाखवत असेल तर कॉइल खरोखर तुटली आहे. यांपैकी प्रत्येक पिन ते केस रोध अनंत हवा.

१२ व्होल्ट दिल्यावर 'टक' आवाज आला म्हणजे प्लंजर हलला, एवढेच. तेल अडते की नाही हे हवेनेच कळते: सोलेनॉइड काढून कमी दाबाची हवा सोडायची. वीज नसताना ती पार जाते, वीज दिली की थांबली पाहिजे. फुसफुसत राहिली तर सोलेनॉइड दोषी. थांबली तर व्हॉल्व बॉडी खोलायची आणि पॅनमधला लोहचुंबक पाहायचा. त्यावर राखाडी लेप चालतो, चमकणारे तुकडे चालत नाहीत. तेलाचा दाब कमी-जास्त करणाऱ्या प्रेशर कंट्रोल सोलेनॉइडला मात्र थेट १२ व्होल्ट लावू नयेत. त्याचा रोध जेमतेम ३ ते ५ ओहम, त्यातून ३ अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो आणि कॉइल जळते.

२००१मध्ये जर्मनीत सहा गिअरचा जो गिअरबॉक्स आला त्यात कंट्रोलरच तेलात, व्हॉल्व बॉडीवर बसला. बाहेरच्या कनेक्टरवर सोलेनॉइडच्या तारा येईनाशा झाल्या आणि ओहम मोजणे संपले; स्कॅनरवरचा मागितलेला आणि मिळालेला प्रवाह पाहणे उरले. अशा गिअरबॉक्समध्ये सोलेनॉइड बदलल्यावर अ‍ॅडॅप्टेशन, म्हणजे कंट्रोलरने त्या भागाशी जुळवून घेतलेली मापे, पुन्हा शिकवावे लागते, नाहीतर नवा भागही धक्के देतो.

भारतात प्रवासी गाड्यांना ओबीडी-२ आले २०१३मध्ये, आणि २०१४पासून स्वस्त एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) पसरली. बाजारात वरच्यासारखा तेलावर चालणारा गिअरबॉक्स आणि एएमटी, दोन्हींना 'ऑटोमॅटिक'च म्हणतात. पण एएमटी हा मॅन्युअल गिअरबॉक्सच; क्लच आणि गिअर हलवणारे अ‍ॅक्च्युएटर तेवढे वेगळे. काही एएमटींत त्या अ‍ॅक्च्युएटरवर सोलेनॉइड व्हॉल्व असतात, तरी वरचा ए-बीचा तक्ता तिथे लागू नाही. तिथे आधी पंपाचा दाब, तो दाब साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर आणि क्लचची झीज पाहायची.