डाक बंगला (विदर्भ)

डाक बंगला : इंग्रजी अमदानीत रस्त्यांवरील प्रवाशांसाठी आणि दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांसाठी बांधलेली सरकारी मुक्कामाची इमारत. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले, १८५४ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले, आणि विदर्भात घोड्यावरून, दमणीतून (हलक्या बैलगाडीतून) फिरणाऱ्या साहेबांचा कारभार सुरू झाला. एका दिवसाच्या मजलेवर एक बंगला, असा साधारण हिशेब असे. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचल्यावर मुख्य रस्त्यांवरची वर्दळ ओसरली; मेळघाट, आलापल्ली अशा आडभागांत मात्र बंगल्यांवाचून भागत नव्हते. तेथे वन खात्याने स्वतःची विश्रामगृहे उभारली.

सगळी बांधणी उन्हाचा विचार करून केलेली. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. म्हणून जोते उंच, भिंती चुन्यातल्या आणि चांगल्या जाड, भोवती रुंद ओसरी. ऊन खोलीच्या भिंतीला थेट लागतच नाही. वऱ्हाडाकडे काळा दगड, पूर्वेकडे बहुधा विटा. लाकूड सागवानी, छप्पर कवेलूचे, म्हणजे कौलांचे. भिंतीत अगदी वर झडपेची छोटी खिडकी असते. तिची दोरी खाली खुंटीला गुंडाळलेली. संध्याकाळी दोरी ओढली की वर साठलेली गरम हवा बाहेर पडते. दुपारी दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारीत. आजचा कूलर वेगळे काही करीत नाही. आराखडा सरकारी असला तरी घाणीवर चुना दळणारे, कवेलू थापणारे हात इथलेच होते. त्यामुळे या बांधणीला सरसकट ‘इंग्रजी’ म्हणणे पटत नाही.

मोरीला मागून वेगळे दार ठेवलेले असते. मैला उचलणाऱ्याने त्याच दाराने यायचे, खोलीत पाऊल टाकायचे नाही. जातीची उतरंड नकाशातच आखून दिली होती. खानसामा आणि चौकीदार यांच्या खोल्या, स्वयंपाकघर, तबेला हे सारे आवारात, मुख्य इमारतीपासून अंतर राखून.

स्वातंत्र्यानंतर बरेच बंगले सार्वजनिक बांधकाम खात्याची विश्रामगृहे झाले. मंत्र्यांचे दौरे, निवडणुकीच्या बैठका, तिकिटासाठी ताटकळणारे कार्यकर्ते यांनी ओसरी पुन्हा गजबजली. दुरुस्तीच्या नावाखाली मात्र अनेक ठिकाणी कवेलू जाऊन स्लॅब पडला, झडपा बुजवून एसी बसवले गेले. वीज गेली की अशा खोलीत बसवत नाही. मेळघाटात सिपना नदीकाठचे कोलकासचे वनविश्रामगृह आता पर्यटकांच्या मुक्कामासाठी ओळखले जाते.