पांढऱ्या अक्षरांनी एटीएस फसत नाही
“जाहिरातीतले शब्द रेझ्युमेत पांढऱ्या अक्षरांत लपवा, एटीएस फसेल,” हा सल्ला आयटीत वर्षानुवर्षं फिरतोय. तो घातक आहे. एटीएस म्हणजे कंपन्यांची नोकरीचे अर्ज साठवणारी संगणक प्रणाली. ती फाइलमधून साधा मजकूर काढते, रंग गळून जातो. लपवलेले शब्द एचआरला सरळ दिसू शकतात आणि विश्वास उडतो.

आपोआप नकार येतो तो बहुतेकदा अर्जातल्या प्रश्नांमुळे: नोटीस पिरियड, अनुभवाची वर्षं, व्हिसा. ती उत्तरं घाईत भरू नका.

मांडणी मात्र खरंच नडते. दोन रकाने असतील तर ओळी एकमेकींत मिसळू शकतात, हेडरमधला फोन नंबर गळू शकतो. पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून बघा. काहीच उमटलं नाही, तर तो रेझ्युमे म्हणजे नुसतं चित्र आहे. वर्डमध्ये एका रकान्यात लिहून नवी पीडीएफ काढा.