स्ट्रक्चरल ऑडिट करताय? कार्यादेशात भूकंपाची तपासणी लिहून घ्या

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265अ प्रमाणे 30 वर्षे झालेल्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट (बांधकामाच्या मजबुतीची तपासणी) करून स्थैर्य प्रमाणपत्र महापालिकेला देणे मालकावर किंवा भोगवटादारावर बंधनकारक आहे. वय पूर्णत्वाच्या दाखल्यापासून किंवा निम्म्या बांधकामात लोक राहायला आले तेव्हापासून, यातली आधीची तारीख धरून मोजतात. टाळाटाळ केल्यास 25 हजार रुपये किंवा वर्षाचा मालमत्ता कर, यापैकी जास्त असेल तेवढा दंड. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत तर 15 ते 30 वर्षांच्या इमारतीसाठी दर 5 वर्षांनी आणि त्यापुढे दर 3 वर्षांनी ऑडिट सांगितले आहे.

मात्र नुसते ‘स्थैर्य प्रमाणपत्र’ मागितले, तर इमारत आजचे वजन पेलते की नाही एवढेच तपासले जाण्याची शक्यता असते. भूकंपाचा जोर आडवा येतो. आयएस 1893 हे इमारतीवर भूकंपाचा किती जोर धरायचा ते सांगणारे भारतीय मानक. त्याच्या 2016 च्या आवृत्तीत आपले सोलापूर झोन 3 मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे. 30 सप्टेंबर 1993 ला हादरलेले किल्लारी तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या झोन 1 मध्ये होते, हे विसरू नये. म्हणून अभियंत्याला काम देतानाच कार्यादेशात (वर्क ऑर्डरमध्ये) लिहा: आरसीसी इमारतीसाठी आयएस 15988, दगड-विटांच्या इमारतीसाठी आयएस 13935 प्रमाणे भूकंप मूल्यमापन, आणि आयएस 1893 ची कोणती आवृत्ती वापरली त्याचा अहवालात उल्लेख. अभियंता महापालिकेकडे नोंदणीकृत हवा. नोंदणी क्रमांक आणि मुदत आधीच पाहा.

कागदपत्रे अशी लागतात: मिळकत पत्रिका (नगर भूमापन कार्यालयातून), चालू मालमत्ता कराची पावती, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, असतील तर आरसीसी ड्रॉइंग, आणि सोसायटी असल्यास सर्वसाधारण सभेचा ठराव. जुना नकाशा हरवला असेल तर महापालिकेकडे प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. नाहीच मिळाला तर माहिती अधिकारात 10 रुपये शुल्क भरून मागा. 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. अहवालावर सिटी सर्व्हे नंबर आणि विंगचे नाव मिळकत पत्रिकेप्रमाणेच असू द्या. एका विंगची तपासणी करून सगळ्या सोसायटीचे प्रमाणपत्र घेऊ नका.

प्रत्यक्ष तपासणीत हॅमर टेस्टवर भागवू देऊ नका, ती फक्त वरच्या थराचा कडकपणा सांगते. अल्ट्रासॉनिक चाचणीत काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग सेकंदाला 3 किमीच्या खाली आला तर काँक्रीट शंकास्पद. तिथे कोअर (काँक्रीटचा दंडगोल नमुना) काढावाच, आणि किमान 3 कोअर तपासावेत. कॉलमच्या तळाशी आणि डोक्याशी गिलावा व कव्हर (सळयांवरचा काँक्रीटचा थर) काढून उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा उघड्या करून घ्या. टोकाशी रिंगांमधले अंतर 100 मिमीच्या आत आणि हूक 135 अंशांत आत वळलेला हवा. हूक 90 अंशांतच वाकवलेला असेल, तर हादऱ्यात कव्हर निखळताच रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. खाली मोकळे पार्किंग आणि वर भिंतींनी भरलेले मजले असतील तर ही तपासणी तळमजल्याच्या कॉलमपासूनच सुरू करायला सांगा. सारी हालचाल तिथेच एकवटते.

पेठांतल्या जुन्या दगड-मातीच्या घरांत भिंतीचा थोडा भाग उकलून आतले व बाहेरचे थर आरपार दगडांनी बांधलेत का ते पाहावे. किल्लारीत अशाच न बांधलेल्या भिंती फुटल्या आणि वरचे माळवद (लाकडी तुळयांवरचे मातीचे छत) माणसांवर आले. गळती थांबवायला माळवदावर वर्षानुवर्षे टाकलेली माती मोजा: 30 सेंमी थर म्हणजे चौरस मीटरला सुमारे अर्धा टन. ती कमी करणे हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि तो आधी करावा.

उन्हाळ्यात रुंदावणारी आणि पावसाळ्यात मिटणारी तिरकी भेग बहुधा पायाखालची काळी माती आकसल्या-फुगल्याने पडलेली असते. भेग अजून हलते का ते कळायला तिच्यावर काचपट्टी चिकटवून तारीख लिहा, आणि पाया मुरमापर्यंत गेला आहे का ते खड्डा घेऊन पाहा. नुसता गिलावा भरून प्रमाणपत्र घेतले तर कारण तसेच राहते.

अहवालात इमारतीचा वर्ग येतो. सी-1 म्हणजे तातडीने रिकामी करून पाडणे, सी-2ए रिकामी करून दुरुस्ती, सी-2बी न हलता दुरुस्ती, सी-3 किरकोळ दुरुस्ती. सी-1 आल्यास भाडेकरूंनी घर सोडण्याआधी आपल्या ताब्यातील क्षेत्र महापालिकेकडून मोजून त्याचा दाखला घ्यावा. इमारत पाडल्याने भाडेकरूचा हक्क संपत नाही, पण पुनर्बांधणीच्या वेळी किती जागा होती हे दाखवायला तोच कागद लागतो.